डिक्कीचं झाकण

चटकन माफ करणारी माणसं मला फारशी भावत नाहीत. त्यांच्याजवळ बसलं की आपण उगाच लहान होतो आणि घरी येऊन बायकोवर चिडतो. वाढईबाईंजवळ बसलं की तसं कधी वाटलं नाही. बाईंनी कोणाला माफ केल्याचं माझ्या पाहण्यात नाही, आणि हे मी तक्रार म्हणून सांगत नाही.

शकुंतला वाढई आमच्या सिंदी रेल्वेच्या शाळेत चित्रकला शिकवायच्या. मी तिथेच इतिहास शिकवायला लागलो तेव्हा नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं आणि बाईंचे केस निम्मे पांढरे झाले होते. उंच, काटक बाई. सुती पातळ, पायात पुरुषी चपला, आणि बाराही महिने काखेत छत्री. ती छत्री मी उघडलेली कधी पाहिली नाही. ती दाखवायला होती. फळ्यावरची रेघ दाखवायला, पोरांच्या वहीतली चूक दाखवायला, आणि वेळ आलीच तर एखाद्याला त्याची जागा दाखवायला. लग्न केलं नव्हतं. कोणी विचारलंच तर म्हणायच्या, "एका जन्मात एकच काम धरावं माणसानं."

ते काम कोणतं, हे मला कळायला बरीच वर्षं लागली.

बाईंचा डूख मात्र पहिल्याच महिन्यात दिसला. आमच्या हेडमास्तरांनी चित्रकलेचा तास काढून गणिताला दिला. गॅदरिंगला रामायणावरचं नाटक होतं, त्याचा मागचा पडदा बाईंनी रंगवला. दहा तोंडांचा रावण. प्रमुख पाहुणे बोलायला उभे राहिले आणि वर पाहू लागले. मग त्यांनी खाली खुर्चीत बसलेल्या हेडमास्तरांकडे पाहिलं, मग पुन्हा वर. रावणाच्या डावीकडच्या तिसऱ्या तोंडाला हेडमास्तरांची मिशी होती, त्यांचा चामखीळ होता आणि वर्गात पोरं गोंधळ करताना त्यांचं जे तोंड व्हायचं तेही होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी बाईंना बोलावलं. बाई म्हणाल्या, "रावणाले मिशी असतेच, सर." तास परत मिळाला.

गल्लीतल्या किराणावाल्यानं एकदा त्यांना भेसळीची हळद दिली. दुसरं कोणी दुकान बदललं असतं. बाई रोज त्याच दुकानात जाऊ लागल्या. भर गर्दीत चिमूटभर हळद तळहातावर घ्यायच्या, नाकाशी न्यायच्या, काही न बोलता परत पोत्यात टाकायच्या आणि साबणाची वडी घेऊन घरी यायच्या. शेवटी तो माणूस हळद विकायचीच सोडून देतो की काय अशी पाळी आली. मी म्हटलं, "बाई, आता पुरे करा." त्या म्हणाल्या, "भूक इसरता येते सर, अपमान इसरू नाई. इसरला तं थो पुन्हा होते."

हा झाला बाईंचा एक गुण. दुसरा गुण रेल्वेच्या फाटकावर दिसायचा.

आमच्या गावात फाटक पडलं की लोक रेल्वेच्या नावानं बोटं मोडतात. बाईंना मात्र आनंद व्हायचा. शाळा सुटल्यावर त्या मुद्दाम त्या बाजूनं यायच्या आणि थांबलेल्या गाड्यांच्या रांगेच्या मागून चालत जायच्या. कापसाचे ट्रक, लांबवलेल्या काळ्यापिवळ्या जीपा, पुलगावच्या लिलावातून सुटून आलेले आणि नवं अंग चढवलेले लष्करी ट्रक, कुठल्या तरी ट्रस्टची शववाहिनी झालेली मेटाडोर. बाई प्रत्येकीच्या पाठीमागे थांबायच्या, मान तिरपी करायच्या आणि ही बॉडी कोणत्या गावच्या, कोणत्या हाताची आहे ते सांगायच्या. समोरून कधीच पाहायच्या नाहीत. मी कारण विचारलं तर भर रस्त्यात म्हणाल्या, "गाडीचं तोंड कंपनी देते. ढुंगण मिस्त्री देते. माणूस कुठं खरा असते, तुमीच सांगा."

मला चारचाकीतलं काही कळत नव्हतं. पण बाईंच्या मागे हिंडून एवढं कळलं की एके काळी मोठ्या लोकांच्या गाड्या कारखान्यातून पुऱ्या येतच नसत. इंजिन, चाकं आणि खालचा सांगाडा तेवढा विलायतेहून यायचा. त्यावर अंग चढवायचा तो कारागीर वेगळा. मालक म्हणेल तशी गाडी. कोणाला पडद्याची खिडकी, कोणाला बंदुकीची जागा, कोणाला सोवळ्यातल्या आईसाठी वेगळा कप्पा. लाकडाचा पिंजरा करायचा आणि त्यावर हातोडीनं ठोकून पत्रा बसवायचा. अशी गाडी जगात एकच असते. तिचं दार दुसऱ्या गाडीला लागत नाही, फार काय, तिचं डावं दार उजवीकडच्या मापानंही करता येत नाही. हे शेवटचं वाक्य बाई बोट वर करून सांगायच्या.

नागपूरचे एक दातांचे डॉक्टर होते. त्यांना जुन्या गाड्यांचा षोक. कोणीतरी त्यांना बाईंचं नाव सांगितलं आणि ते एका रविवारी आर्वीकडून विकत घेतलेली एक लांबलचक लाकडी पाठीची गाडी घेऊन बाईंच्या दारात उभे राहिले. मीही बोलावल्यासारखा पोचलो. डॉक्टरांचं म्हणणं, ही एका राजाची शिकारीची गाडी. बंदुका अडकवायला त्यांनी पितळी आकडेसुद्धा करायला टाकले होते. बाईंनी मागचं दार उघडलं, आत वाकल्या, छत्रीच्या टोकानं चटई सरकवली.

"डाक्टर, ह्या दोन रांगा भोकाच्या दिसतेत का?"

"दिसतात. सीटची असतील."

"सीट आडवी असते. ह्या रांगा उभ्या आहेत. खिडक्या पाहा, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या वर आहेत. अन् दार मांगून उघडते. तुमचा राजा झोपून शिकार करत होता का?"

डॉक्टरांनी वाकून भोकं मोजली.

"ॲम्बुलन्स होय ही. भोकं स्ट्रेचरच्या रुळाचे. लढाईनंतर कोनंतरी घेतली अन् मांगचं लाकूड नवं चढोलं. काम चांगलं आहे. पन शिकारीची मनू नोका. ज्याचं काम त्याचं नाव."

डॉक्टर भला माणूस. हसला, आकडे रद्द केले, आणि तेव्हापासून कुठे जुनी गाडी दिसली की फोटो घेऊन बाईंकडे येऊ लागला. दोघं तासन्‌तास चहा पीत फोटोंवर भांडायचे. मडगार्डाचा बाक, दाराची रेघ, छपराचा उतार. "ज्याचं काम त्याचं नाव" हे बाईंचं पालुपद. मला वाटायचं, कलेच्या शिक्षिका आहेत, म्हणून म्हणतात.

आता वड्यांचं सांगतो, कारण सगळं तिथेच दडलेलं होतं.

उन्हाळ्यात बाईंच्या गच्चीवर मुगवड्या वाळत घातलेल्या असायच्या. लोक खाटेवर लुगडं अंथरून वड्या घालतात. बाईंच्या वड्या एका भल्या मोठ्या, आतून खोलगट अशा पत्र्याच्या भांड्यात असायच्या. एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला निमुळतं, होडी मधोमध कापावी तसं. कडेला आतून सागवानी चौकट. पत्रा इतका गुळगुळीत की त्यात ऊन साचायचं आणि वड्या एका दिवसात खडखडीत व्हायच्या. हळद, जिरं, मिरचीचा वास त्याच्या अंगात मुरला होता. मी एकदा विचारलं, "बाई, हे काय आहे?"

"कढई."

"एवढी मोठी? अशी वाकडी?"

"वाकडं कोन म्हंते?" बाईंचा आवाज असा चढला की मी वड्यांचं पुडकं घेऊन जिना उतरलो. त्यानंतर कित्येक वर्षं आम्ही त्या वड्यांची भाजी खाल्ली आणि मी तो प्रश्न पुन्हा काढला नाही.

दोन हजार साल उलटून गेल्यानंतरची गोष्ट. डॉक्टर एक वर्तमानपत्र घेऊन आले. नागपुरात जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरणार होतं, डॉक्टर आयोजकांत होते, आणि प्रदर्शनाचं मुख्य आकर्षण म्हणून एका गाडीचा फोटो छापून आला होता. हिंगणीच्या पलीकडे, बोरच्या जंगलाकडच्या एका गावचे मालगुजार होते, त्यांची गाडी. मालगुजारी कधीच गेली, मोठे मालगुजारही गेले, पण मुलाला लोक अजून दादासाहेब म्हणत. या दादासाहेबांनी वडिलांची गाडी जुन्या गोदामातून बाहेर काढून मुंबईला दुरुस्त करवली होती. फोटो मागून घेतलेला. खाली लिहिलं होतं की ही लंडनच्या कारागिरांनी खास बांधलेली गाडी असून मागचा उघडा भाग शिकारी कुत्र्यांसाठी आहे.

बाईंनी फोटो पाहिला. छत्री भिंतीला टेकवली. मी त्यांना छत्री खाली ठेवताना पहिल्यांदाच पाहत होतो.

"कुत्र्यासाठी," त्या गेलेल्या वडिलांशी बोलावं तशा म्हणाल्या. "बाबा, ऐका. कुत्र्यासाठी म्हंतेत."

मग त्यांनी सांगितलं. मी आणि डॉक्टर ऐकत होतो आणि चहावर साय धरत होती.

बाईंचे वडील सोमाजी मिस्त्री. पुलगावात त्यांची गाड्यांना अंग चढवायची शाळा होती. तिकडे कामाच्या शेडला शाळाच म्हणत. जातीनं आणि हातानं वाढई. आधी बैलाच्या हलक्या गाड्या, धमण्या, बांधायचे, मग मोटारी बांधू लागले. मोठ्या मालगुजारांनी विलायतेहून सांगाडा मागवला आणि सोमाजींनी त्यावर होडीसारख्या निमुळत्या शेपटीची, दोन दारांची गाडी चढवली. सागवान स्वतः जंगलात जाऊन निवडलं. पत्रा स्वतः ठोकला. गाडी पहिल्यांदा बाहेर निघाली ती मालगुजारांच्या घरच्या लग्नात. सोमाजींनी नवं धोतर नेसलं, पोरीला नवा फ्रॉक शिवला आणि आपण होऊन गाडीजवळ जाऊन उभे राहिले. कोणीतरी विचारेलच ना, कोणी बांधली म्हणून.

विचारलं. एका मोठ्या पाहुण्यांनी विचारलं. मालगुजार म्हणाले, लंडनहून बांधून आणली.

सोमाजी हात जोडून म्हणाले, "मीच बांधली जी."

मालगुजार हसले. शिपायाच्या खांद्यावरचं फडकं ओढून त्यांनी सोमाजींच्या छातीवर फेकलं. "हा पुसणारा आहे आमचा. पूस रे."

"अन् बाबानं पुसली," बाई म्हणाल्या. "सगळ्याइच्या समोर. मी बोट धरून होती. लोक हसत होते. मालगुजाराचा पोरगा सगळ्यात जास्त हसत होता. पांढरी शेरवानी होती त्याची. हाच तुमचा दादासाहेब."

पुढे डिक्कीचं कुलूप अडकायला लागलं म्हणून तेवढं झाकण दुरुस्तीला आलं. सोमाजींनी ते परत केलंच नाही. हरवलं म्हणाले. मालगुजारांची माणसं शाळा धुंडाळायला आली. लाकूड उपसलं, पत्रे उलथले, घरात शिरून कोठ्या पाहिल्या. झाकण अंगणात उताणं पडलं होतं आणि बाईंच्या आईनं त्यात मुगवड्या घातल्या होत्या. माणसं त्याला वळसा घालून गेली. एकानं जाताना वडी उचलून तोंडात टाकली.

त्यानंतर मालगुजारांनी मिस्त्री चोर आहे म्हणून बोभाटा केला. मोठ्या घरचं काम बंद झालं, मग लहान घरचंही झालं. सोमाजी पुढे एका ठेकेदाराकडे लाकडी पेट्या ठोकत राहिले आणि पेट्या ठोकतच गेले. मरेपर्यंत ते चारचौघांत कधी म्हणाले नाहीत की ती गाडी मी बांधली. पुन्हा कोणी फडकं फेकेल म्हणून.

"मले दुसरं काई नोको," बाई म्हणाल्या. "बाबाचं नाव त्या गाडीवर पाह्यजे. अन् थे त्या शेरवानीच्या तोंडून पाह्यजे."

मी मनात म्हटलं, आता मजा आहे. खोटं कशाला बोलू, मला त्या क्षणी फार गार वाटलं.

प्रदर्शनाच्या दिवशी आम्ही झाकण गोधडीत गुंडाळून मेटाडोरनं नागपूरला नेलं. मैदानात गाड्याच गाड्या, फुगे, बँड. दादासाहेबांची गाडी मांडवाखाली वेगळी उभी. काळीभोर, चकचकीत, दाराखाली लंडनची पितळी पाटी. दादासाहेब बंद गळ्याचा कोट घालून लोकांना कुत्र्यांच्या गोष्टी सांगत होते. खरी गोष्ट डॉक्टरांनी आम्हाला आधीच सांगितली होती. मुंबईच्या मिस्त्रींनी दोन वेळा डिक्कीला झाकण करून पाहिलं, दोन्ही वेळा बसलं नाही. एका बाजूनं टेकलं की दुसरीकडून फट राहायची. गाडीच वाकडी असेल असं मनात आणायला कोणी तयार नव्हतं, कारण लंडनचे लोक वाकडी गाडी बांधतील कसे! शेवटी दादासाहेबांनी भोक तसंच ठेवलं, आत चामडं लावलं आणि गोष्टीत कुत्री आणली.

मुंबईहून एक वयस्कर परीक्षक आले होते. टाय लावलेले, मोजकं बोलणारे. ते गाडीजवळ आले तशा बाईही पुढे झाल्या. डॉक्टरांनी ओळख करून दिली.

"ही गाडी लंडनची नाई," बाई म्हणाल्या. "पुलगावची होय. सोमाजी मिस्त्रीनं बांधली."

दादासाहेब हसले. "बाई, हे विलायती काम आहे. तुमाले ओळख नाई त्याची."

"मंग डिक्कीले बिजागऱ्याच्या खाचा काऊन आहेत? कुत्र्याले दार लावत होते का लंडनचे?"

चारदोन लोक हसले. परीक्षक वाकून खाचा पाहू लागले. बाईंनी चटई उचलून खालचं लाकूड दाखवलं. "हे सागवान आहे. लंडनवाले त्याइच्या देशाचं लाकूड वापरतीन ना?"

परीक्षकांनी मान हलवली. "नाही बाई. हिंदुस्थानात पाठवायच्या गाड्यांना वाळवी लागू नये म्हणून तेही सागवान वापरत. लाकडावरून काही सिद्ध होत नाही."

दादासाहेबांनी कोट सारखा केला. मी डॉक्टरांकडे पाहिलं. बाई मात्र शांत होत्या. त्यांनी छत्रीनं मला खूण केली.

"राऊत सर, आना."

मी आणि मेटाडोरवाल्यानं गोधडी सोडली आणि झाकण उचलून आणलं. बाहेरून बाईंनी ते चिंच लावून असं घासलं होतं की त्यात मांडवाच्या झालरी दिसत होत्या. आतली बाजू हळदीनं पिवळी. परीक्षकांनी नाक पुढे केलं.

"हा वास कसला?"

"मुगवड्याचा," बाई म्हणाल्या. "जरा सरका."

बिजागऱ्या खाचांत गेल्या. बाईंनी झाकणावर तळहात ठेवला आणि हळूच दाबला. खट्ट असा आवाज आला. गाडीचं अंग एका रेघेत मिटलं. परीक्षकांनी अंगठ्याचं नख कडेवरून फिरवत नेलं, चारही बाजूंनी. नख कुठेच अडकलं नाही.

"आता मांगून पाहा," बाई म्हणाल्या. "उजवी कूस डावीपेक्षा बोटभर भरलेली आहे. माहा बाप डावखुरा होता. डाव्या हाताची हातोडी उजव्या अंगाले जास्त पडे. गाडी तशीच झाली, अन् झाकन बी तसंच. मुंबईच्या लोकाइनं सरळ झाकन केलं. थे कसं बसन?"

परीक्षक बराच वेळ मागे उभे राहून पाहत होते. मग ते दादासाहेबांकडे वळले आणि म्हणाले, "ही पाटी काढावी लागेल." एवढंच.

गर्दी जमली होती. दादासाहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी हात जोडले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "बाई, बाबाच्या वेळचं मले काई मालूम नाई. चूक झाली असन. तुमच्या वडलाचं नाव लावतो मी. झाकन राहू द्या."

बाईंनी पिशवीत हात घातला आणि एक पिवळं फडकं काढलं. ते फेकलं नाही. दोन बोटांत धरून पुढे केलं.

"मालूम नाई कसं? तुमी हसले होते. पांढरी शेरवानी होती. पुसा."

मैदानात बँड वाजतच होता. दादासाहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. डॉक्टरांनी दुसरीकडे पाहिलं. मी पाहत राहिलो, डोळे भरून पाहिलं. दादासाहेबांनी फडकं घेतलं आणि त्या झाकणावरून, डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरवलं. बाई नजर न हलवता उभ्या होत्या. संपल्यावर त्यांनी फडकं परत घेतलं, घडी घालून पिशवीत ठेवलं, आणि मला म्हणाल्या, "काढा झाकन. घरी चाला."

"अहो पण नाव लावतो म्हणतात ना!" डॉक्टर म्हणाले.

"लावू द्या. नाव त्याइले लावाच लागते."

परतीच्या वाटेवर, सेलूच्या आसपास, मला राहवलं नाही. मी म्हणालो, "बाई, नाव मिळालं. आता झाकण देऊन टाका. गाडी पुरी होईल. शेवटी तुमच्या बाबांचंच काम आहे ते."

बाई माझ्याकडे अशा वळल्या की मेटाडोरवाल्यानंही गाडी हळू केली.

"सर, पाटी कोन वाचते? झाकन लावलं की गोष्ट खतम. भोक राह्यलं तं जो थो विचारन, मांगून उघडी काऊन. अन् विचारलं की त्याले सांगा लागन. दर खेपेले." त्यांनी गोधडीवर थाप मारली. "आमच्या बाबानं एकदा पुसली. हा जनमभर पुसन."

दादासाहेबांनी पाटी बदलली. सोमाजी मिस्त्री, पुलगाव. मग निरोप पाठवले, मग स्वतः सिंदीला आले. बाईंनी अट घातली: कोणीही विचारलं तर खरं सांगायचं, गाडी कोणी बांधली आणि झाकण का नाही. "माही तबीयत भरली की देईन." दादासाहेबांनी कबूल केलं, कारण दुसरा इलाज नव्हता. खोटं झाकण लावून मिरवायची सोय आता राहिली नव्हती, सगळ्या गाडीवाल्यांना खरं झाकण कुठे आहे ते ठाऊक झालं होतं. ते दर उन्हाळ्यात यायचे. बाई त्यांना गच्चीवर न्यायच्या, झाकण दाखवायच्या, त्यातल्या वड्यांचं पुडकं बांधून द्यायच्या आणि म्हणायच्या, "भाजीत वांगं टाकजा." बाईंचं मन काही भरायचं नाही. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात. बाईंच्या बाबतीत सुंभही जळला नव्हता.

गावातले लोक बाईंना नावं ठेवू लागले. म्हातारा माणूस उन्हातान्हात येतो, एवढं काय ते. सोमाजी मिस्त्री पेट्या ठोकत होते तेव्हा यांतलं कोणी म्हणालं नव्हतं की एवढं काय ते.

बाई गेल्यालाही आता बरीच वर्षं झाली. जाण्याआधी त्यांनी मला बोलावून झाकण माझ्या गच्चीवर हलवायला लावलं. "देजा नोको," एवढंच म्हणाल्या. दादासाहेबांचा मुलगा मधून मधून येतो. सभ्य आहे, शिकलेला आहे, हात जोडून बोलतो. त्याचा यात काही दोष नाही हे मला कळतं. मी त्याला वड्या देतो.

पण मला बाई आठवतात त्या आजारपणातल्या नाहीत. मी त्यांना घराबाहेर शेवटचं पाहिलं ते फाटकावर. मालगाडी येत होती, फाटक पडलं होतं. बाई आता काठी टेकत चालायच्या, म्हणजे तीच छत्री. गाड्यांच्या रांगेत, कापसाच्या दोन ट्रकांच्या मधोमध, दादासाहेबांची काळी गाडी अडकली होती. कुठल्या तरी लग्नाला निघाले असतील, हार घातलेला होता. लोक गाडीभोवती जमले होतेच. ट्रकचा क्लीनर मागच्या भोकात डोकावून विचारत होता, "दादा, मांगून उघडी काऊन ठेवली जी?"

दादासाहेब काहीतरी सांगणार होते. तेवढ्यात मागे वळलेल्या त्यांना क्लीनरजवळ बाई दिसल्या. तोंड तिथेच थांबलं. मग त्यांनी मान खाली घातली आणि हळू आवाजात म्हणाले, "पुलगावच्या सोमाजी मिस्त्रीनं बांधली ही गाडी. त्याइले आमच्या घरच्यानं चोर म्हटलं होतं. झाकन त्याइच्या पोरीजवळ आहे."

मालगाडी धडधडत आली आणि सगळे आवाज बुडाले. डबे संपेपर्यंत बाई तशाच उभ्या होत्या, मान तिरपी करून, गाडीच्या त्या उघड्या पाठीकडे पाहत. शेवटचा डबा गेला, फाटक वर जाऊ लागलं, ट्रकवाल्यांनी हॉर्न द्यायला सुरुवात केली. बाईंनी पुढे येत छत्री उचलून आडवी धरली, दादासाहेबांच्या गाडीसमोर.

"पुन्हा सांगा," त्या म्हणाल्या. "जोरात. मांगच्या लोकाइले ऐकू नाई आलं."